आधी मोजमाप, मग सुधारणा : योगवर्गाचे संकेतस्थळ आणि त्याचा वेग

(हिवरे बाजार येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. आपण हिवरे बाजारला आलात ते पाणलोटाची कामे पाहावयास. येथे येऊन योगवर्गाच्या संकेतस्थळाचा वेग कसा मोजावा आणि तो कसा वाढवावा हे कशासाठी ऐकावयाचे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय याच गावी मांडावा असे मला वाटले, त्यास कारण आहे.

या गावाची कथा आपणांस ठाऊक आहे. हा टापू पर्जन्यछायेचा. सरासरी पाऊस पंधरा इंचांच्या आसपास. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या आधारे डोंगरउतारावर समतल चर खोदले, झाडे लावली, बंधारे बांधले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. २०२० साली श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. हे सर्व आपण वाचले आहे. परंतु आज सकाळी आपण जे पाहिले, त्यात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट बंधारा ही नव्हे. ती आहे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आली हे येथे मोजले जाते. तो आकडा ग्रामसभेपुढे येतो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची हे ठरते. आधी मोजमाप, मग वाटप, मग काम, असा हा क्रम आहे.

हाच क्रम संकेतस्थळाच्या वेगाला लावावयाचा आहे. मला जे सांगावयाचे आहे, ते एवढेच.

एक अनुभव

गोष्ट एका तालुक्याच्या गावातील योगवर्गाची आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. वर्ग चालविणाऱ्या बाई प्रशिक्षित, शिकविण्यात निष्णात. २१ जूनच्या आंतरराष्ट्रीय योगदिनापूर्वी त्यांनी महिलांसाठी सकाळचा विनामूल्य वर्ग जाहीर केला आणि नोंदणी आपल्या संकेतस्थळावर ठेवली. आवाहन सर्वत्र पोहोचावे म्हणून आम्हीही साहाय्य केले. मी कार्यालयातील संगणकावर ते संकेतस्थळ उघडून पाहिले. क्षणात उघडले. सूर्योदयाच्या पार्श्वभूमीवर आसनस्थ साधकांची रांग असे सुंदर छायाचित्र पडदाभर दिसले. मी समाधानाने मान डोलावली.

दोन दिवसांनी एका वाडीवर गेलो असता तेथील अंगणवाडी सेविकेने मला सांगितले, "साहेब, ते उघडतच नाही. आम्ही चारपाच जणींनी पाहिलं. नुसतं पांढरं दिसतं." मी तिच्याच मोबाईलवर, तिच्याच ओसरीत बसून पाहिले. अर्धे मिनिट उलटले, तरी पडदा पांढराच. मग छायाचित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरू लागले. नोंदणीचे बटण त्याच्या खाली कोठे तरी होते. ते दिसले आणि ती त्यावर बोट ठेवणार, तोच आणखी एक चित्र मध्ये येऊन बटण खाली सरकले आणि भलतेच पान उघडले. तिने मोबाईल बाजूला ठेवला व म्हणाली, "जाऊ द्या, शिकल्यासवरलेल्यांसाठी असेल ते."

बंधुभगिनींनो, हे वाक्य मला लागले. तो वर्ग तिच्यासारख्या बायकांसाठीच होता. दिवसभर वाकून काम करणाऱ्या, कंबर-पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या बायकांसाठी. दार उघडे होते, परंतु त्यांच्या बाजूने ते लोटले जात नव्हते. असे किती जण त्या दारावरून परत गेले, याची नोंद कोणाकडेही नव्हती. बाईंचा समज असा झाला होता, की गावांतून प्रतिसादच नाही.

दोष कोणाचा? संकेतस्थळ करून देणाऱ्याने ते आपल्या जलद जोडणीवर तपासले. बाईंनी घरच्या वायफायवर पाहिले. मी कार्यालयात पाहिले. ज्याच्या अंगणात भरलेली विहीर आहे, त्याने गावाच्या पाण्याविषयी मत द्यावे, तसे आम्ही तिघांनी केले. तेव्हा पहिला नियम हा, की वेग मोजावयाचा तो वापरणाऱ्याच्या ठिकाणी व त्याच्या मोबाईलवर.

काय मोजावयाचे?

"संकेतस्थळ मंद आहे" हे वाक्य "गावात पाणी कमी आहे" या वाक्यासारखेच मोघम आहे. त्यावरून काम ठरविता येत नाही. या क्षेत्रात आज तीन मापे सर्वमान्य आहेत. ती गूगल कंपनीने रूढ केली असून कोणालाही विनामूल्य तपासता येतात.

पहिले माप दिसण्याचे. पान मागितल्यापासून त्यावरील सर्वांत मोठा मजकूर अथवा चित्र दिसेपर्यंत किती वेळ गेला? तो अडीच सेकंदांच्या आत असावा. चार सेकंदांहून अधिक असल्यास स्थिती वाईट समजतात.

दुसरे माप प्रतिसादाचे. बटणावर बोट ठेवल्यानंतर पडद्यावर काही घडेपर्यंत किती वेळ लागतो? तो २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत असावा. मार्च २०२४ पासून हे माप पूर्वीच्या मापाच्या जागी आले आहे.

तिसरे माप स्थैर्याचे. पान उघडत असताना त्यावरील गोष्टी किती सरकतात? अंगणवाडी सेविकेचे बोट चुकले, ते याच दोषामुळे. याचा एक गुणांक काढतात. तो ०.१ किंवा त्याहून कमी असावा.

ही मापे सरासरीवर ठरवीत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शंभर भेटींपैकी निदान पंचाहत्तर भेटींत ती पाळली गेली पाहिजेत, अशी अट आहे. सरासरीत मंद जोडणीवाला झाकला जातो. या अटीत त्याला झाकणे कठीण जाते.

कसे मोजावयाचे?

'पेजस्पीड इनसाइट्स' नावाची गूगलची विनामूल्य सेवा आहे. तेथे आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, की थोड्या वेळात शंभरपैकी गुण मिळतात. ९० व त्यावर उत्तम, ५० ते ८९ सुधारणेस वाव, ५० च्या खाली निकृष्ट. मोबाईलचे गुण व संगणकाचे गुण वेगळे दाखविले जातात. आपण मोबाईलचेच पाहावेत, कारण तेथे मध्यम प्रतीचा मोबाईल व मंद ४जी जोडणी गृहीत धरून परीक्षा घेतली जाते. गुणांच्या खाली कोणती वस्तू किती जड आहे याची यादीही येते. गुणांपेक्षा ती यादी अधिक उपयोगाची.

प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या मागील २८ दिवसांच्या भेटींची मापेही ही सेवा देते. मात्र त्यासाठी भेटींची संख्या पुरेशी असावी लागते. तालुक्याच्या गावातील योगवर्गास तेवढ्या भेटी बहुधा होत नाहीत आणि तो रकाना कोरा राहतो. म्हणून अशा लहान संस्थेने स्वतःची नोंदवही ठेवणे अगत्याचे आहे. एक साधी वही घ्यावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच एका साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून पान उघडावे. वेळापत्रक दिसेपर्यंतचे व नोंदणीचे बटण चालेपर्यंतचे सेकंद घड्याळाने मोजावेत. सेवेने दिलेले गुण शेजारी लिहावेत. आणि चौथा रकाना अवश्य ठेवावा : या आठवड्यात पानावर काय बदलले? नवे चित्र लावले, नवी चित्रफीत जोडली, काहीही असो. महिन्याने वही उघडली, की वेग कधी ढासळला व कशामुळे ढासळला हे समोर दिसते. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

याखेरीज संकेतस्थळ चालू आहे की बंद, हे ठरावीक मिनिटांनी तपासून बंद पडल्यास संदेश पाठविणाऱ्या सेवाही मिळतात. पहाटे साडेपाचच्या वर्गाची चौकशी लोक आदल्या रात्री करतात. रात्री दहा वाजता संकेतस्थळ बंद पडले आणि सकाळी कळले, तर त्या कळण्याचा उपयोग नाही.

वजनाचा ताळेबंद

आता मंदपणाचे मूळ कोठे असते ते पाहू. याचे गणित सोपे आहे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, चित्राचे वजन मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्या योगवर्गाच्या पहिल्या पानावरील सूर्योदयाचे छायाचित्र चार मेगाबाइटचे होते. म्हणजे ३२ मेगाबिट. जोडणीचा वेग सेकंदास १.६ मेगाबिट धरला, तर एवढे एक छायाचित्र येण्यासच वीस सेकंद लागतात. हेच छायाचित्र २०० किलोबाइटचे केले, तर एक सेकंद लागतो.

यावरून ताळेबंद मांडता येतो. त्याच वेगाने अडीच सेकंदांत चार मेगाबिट, म्हणजे ५०० किलोबाइट येऊ शकतात. तेवढे आपले पाणी. त्यातून वाटप असे करावे : मजकूर व मांडणीसाठी १००, अक्षरवळणासाठी जास्तीत जास्त १००, छायाचित्रांसाठी २५० आणि इतर कामकाजासाठी ५० किलोबाइट. जोडणी जुळण्यास लागणारा वेळ निराळा असल्याने याहूनही काटकसर केली, तर उत्तमच. हा ताळेबंद लिहून संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या हाती द्यावा. पुढे कोणी नवी वस्तू पानावर लावावयास सांगितले, की पहिला प्रश्न हा असावा : या वजनासाठी कोणते वजन कमी करावयाचे? पिण्याचे पाणी जसे आधी बाजूला काढतात, तसे वर्गाची वेळ, जागा, शुल्क, दूरध्वनी क्रमांक व नोंदणी या पाच गोष्टींचे वजन आधी बाजूला काढावे. शोभेच्या गोष्टींनी उरलेल्यात भागवावे.

प्रत्यक्ष उपाय

पहिला उपाय छायाचित्रांचा. आजच्या साध्या मोबाईलचे छायाचित्रही ४००० बाय ३००० बिंदूंचे असते. मोबाईलच्या पडद्यास १००० बाय ७५० पुरतात. हा आकार मूळच्या सोळाव्या हिश्श्याइतका होतो. छायाचित्र चढविण्यापूर्वी लहान करावे. वेबपी नावाच्या प्रकारात साठविल्यास जेपेगच्या मानाने वजन आणखी पाव ते एकतृतीयांश घटते. पानाच्या तळाशी असलेली चित्रे वाचक तेथे पोहोचेल तेव्हाच यावीत, अशीही सोय करता येते. आणि प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी पानाच्या रचनेत आधी नमूद करावी, म्हणजे त्याची जागा राखली जाते व बटणे सरकत नाहीत.

दुसरा उपाय आपल्या मराठी संकेतस्थळांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वेळापत्रक कागदावर छापून, त्याचे छायाचित्र काढून लावण्याची प्रथा पडली आहे. असे चित्र सहज तीनचारशे किलोबाइटचे होते. तोच मजकूर युनिकोड अक्षरांत टंकलिखित केला, तर देवनागरीच्या एका अक्षरचिन्हास तीन बाइट लागूनही दोन हजार चिन्हांचे पान सहा किलोबाइटमध्ये बसते. शिवाय तो मजकूर शोधल्यास सापडतो आणि दृष्टिहीन व्यक्तीस तिचा मोबाईल तो वाचून दाखवू शकतो. चित्रातील अक्षरांचा हा लाभ तिला मिळत नाही.

तिसरा उपाय अक्षरवळणाचा. देवनागरीत जोडाक्षरांची संख्या मोठी असल्याने तिचे फाँट रोमन फाँटहून जड असतात. तीनचार वळणे मागविली, की ताळेबंद कोलमडतो. बहुतेक मोबाईलमध्ये देवनागरी अक्षरे मुळातच असतात. तीच वापरली, तर खर्च शून्य.

चौथा उपाय चित्रफितींचा. आसने दाखविणारी फीत हवी, हे खरे. परंतु ती पानाबरोबर आपोआप येऊ नये. तिचे एक लहान चित्र ठेवावे व त्यावर बोट ठेवल्यावरच फीत सुरू व्हावी. नकाशा, गप्पांची खिडकी, समाजमाध्यमांची चौकट यांनाही हाच नियम लावावा. या परक्या वस्तू आपल्या पानावर येतात तेव्हा त्यांचे वजन आपल्या वाचकाच्या माथी पडते.

पाचवा उपाय सर्व्हरचा. मजकूर दाबून लहान करून पाठविणे आणि एकदा आलेल्या गोष्टी वाचकाच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवणे, या दोन सोयी सर्व्हरवर चालू आहेत की नाहीत हे विचारून घ्यावे. सर्व्हर कोठे आहे, हेही विचारावे. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो, तरीही एका जाण्यायेण्यास सव्वाशे मिलिसेकंद लागतात. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. साधक जवळच्या गावांतील असतील, तर सर्व्हर वा निदान त्याची प्रत भारतात असणे श्रेयस्कर.

खोल कूपनलिकेचा मोह

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. संकेतस्थळ मंद आहे म्हणताच "मोठा सर्व्हर घ्या, महाग योजना घ्या" असा सल्ला मिळतो. सर्व्हर खरोखरच अपुरा असेल, तर तो बदलावा लागतो. योगदिनाच्या आदल्या आठवड्यात नोंदणीची गर्दी उसळते तेव्हा त्याचा कस लागतो आणि ती तयारी मे महिन्यातच झाली पाहिजे. परंतु चार मेगाबाइटचे छायाचित्र मोठ्या सर्व्हरवर ठेवले, म्हणून वाडीवरील मोबाईलमध्ये ते लवकर उतरत नाही. अडचण त्या टोकाला आहे. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाच्या नाहीत, उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यावयाची नाहीत, असे या गावाने ठरविले, ते याच विचाराने. पुरवठा खोल खोल नेत राहण्यापेक्षा आधी मागणी आवरली. वर्गाचे शुल्क काटकसरीने ठरविणाऱ्या संस्थेस हा मार्ग परवडतो. कारण छायाचित्रे लहान करण्यास पैसा लागत नाही, दक्षता लागते.

मोजमापाची परंपरा

योगाच्या क्षेत्रात यंत्रे व आकडे कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांना आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर कार्याची आठवण करून द्यावीशी वाटते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी रक्तदाबाची मोजणी, क्ष-किरण अशा साधनांनी तपासले आणि निष्कर्ष त्याच वर्षी सुरू केलेल्या 'योग मीमांसा' या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. श्रद्धा बाजूस न सारता तिला मोजमापाची जोड देण्याचे ते काम होते. शंभर वर्षांनंतर योगवर्ग चालविणाऱ्यांनी आपल्या संकेतस्थळाचे सेकंद मोजावेत, यात परंपरेस बाधा येण्यासारखे काही नाही.

आपले कर्तव्य

आता आपल्याकडे वळतो. राज्य शासनाने २०२५ च्या आरंभी कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यातील सात कलमांत संकेतस्थळाची सुधारणा हे एक कलम होते. आपल्यापैकी कित्येकांच्या शाळांची, कार्यालयांची, ग्रामपंचायतींची संकेतस्थळे आहेत. जो नियम योगवर्गास लागू, तोच त्यांनाही. ज्या पानावर दाखल्याची माहिती आहे, ते पान अर्धे मिनिट उघडत नसेल, तर तो मनुष्य दहा मैल चालून कार्यालयात येतो, अथवा येतच नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की येथून परत गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात. आपल्या संस्थेचे संकेतस्थळ गावातील सर्वांत साध्या मोबाईलवर, सर्वांत क्षीण जोडणी मिळणाऱ्या घरी जाऊन उघडावे. जे सेकंद लागले ते वहीत लिहून मासिक सभेपुढे अथवा ग्रामसभेपुढे ठेवावेत. आणि पहिल्या पानावरील सर्वांत जड छायाचित्र त्याच दिवशी लहान करावे.

त्या योगवर्गाच्या बाईंनी एवढेच केले. पहिल्या पानावर एकच लहान छायाचित्र ठेवले, वेळापत्रक अक्षरांत लिहिले, नोंदणीचे बटण सर्वांत वर आणले आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दर सोमवारी सेकंद लिहावयास आरंभ केला. पुढील खेपेस मी त्या वाडीवर गेलो, तेव्हा अंगणवाडी सेविकेने मोबाईल माझ्यासमोर धरला. पान उघडले होते. ती म्हणाली, "साहेब, आता दिसतं. पण साडेपाचला यायला एसटी नाही हो." मी हसलो; पण घरी परतताना ध्यानात आले, की आता तिची खरी अडचण आपल्याला कळली. पान उघडत नव्हते तोवर ती कळण्याचा मार्गच नव्हता. बाईंनी दुसरा वर्ग दुपारी साडेतीनला ठेवला आहे.